दोन पानांची सोबत : आर्वो पॅर्त यांची ‘फ्युअर अलिना’

आज एका पियानो रचनेबद्दल बोलू या. तिची स्वरलिपी फक्त दोन पानांची. मला ती बरेचदा ‘सॅड पियानो’ किंवा ‘झोपेसाठी संगीत’ अशा प्लेलिस्टमध्ये भेटते. नाव ‘फ्युअर अलिना’, म्हणजे ‘अलिनासाठी’. संगीतकार एस्टोनियाचे आर्वो पॅर्त. साल १९७६.

ती ऐकून उदास वाटतं हे खरं. पण माझं म्हणणं असं, की ही रचना दुःखाची नाही, सोबतीची आहे. का, ते कळायला थोडा इतिहास बघावा लागेल.

एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. १९६८ मध्ये राजधानी टाल्लिनमध्ये पॅर्त यांची ‘क्रेदो’ ही रचना सादर झाली. ऑर्केस्ट्रा, गायकवृंद, पियानो, असा मोठा फौजफाटा. त्यात येशूवरच्या श्रद्धेची उघड कबुली होती. निरीश्वरवादी राजवटीत हे कसं चालणार? मोठा गहजब झाला आणि ती रचना पुन्हा वाजणं बंद झालं.

पण अडचण फक्त सरकारची नव्हती. पॅर्त यांना स्वतःचीच संगीतभाषा पुरेनाशी झाली होती. तोवर ते आधुनिक, कर्कश, गणिती पद्धतीने लिहायचे. आता ते जवळजवळ थांबले. पुढच्या आठ वर्षांत पोटासाठी चित्रपटांना संगीत दिलं, १९७१ मध्ये तिसरी सिम्फनी लिहिली. पण बाकी वेळ जुनं चर्चसंगीत समजून घेण्यात गेला. एकच सुरावट, साथ नाही, काही नाही, अशा ओळींनी त्यांनी वह्याच्या वह्या भरल्या. नावारूपाला आलेला माणूस पुन्हा बाराखडीला बसला, असंच म्हणा ना.

त्या वह्यांतून १९७६ मध्ये ‘फ्युअर अलिना’ आली. अलिना ही त्यांच्या परिचयातल्या कुटुंबातली मुलगी. कुटुंब फुटलं, ती वडिलांबरोबर इंग्लंडला गेली आणि आई एस्टोनियात राहिली. आज मुलगी परदेशी शिकायला जाते आणि रात्री व्हिडिओ कॉल करते, तसं हे नव्हतं. मध्ये सोव्हिएत सीमा होती. मनात आलं आणि भेटून आलं, हे शक्यच नव्हतं. रचनेवर नाव मुलीचं आहे, पण दिलासा द्यायचा होता तो आईला.

आता प्रत्यक्ष रचना. सुरुवातीला अगदी खाली, खर्जात ‘बी’ हा स्वर वाजतो आणि पेडल दाबून तो तसाच घुमत ठेवतात. तानपुऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानांना हे लगेच ओळखीचं वाटेल. मग वर दोन सूर एकत्र चालू लागतात. उजवा हात सुरावट घेऊन भटकतो, जवळ जातो, लांब जातो. डाव्या हाताकडे मात्र तीनच स्वर : बी, डी आणि एफ शार्प. उजव्या हाताच्या प्रत्येक स्वराबरोबर या तिघांतला कोणता वाजायचा, ते नियमाने ठरलेलं. कधी दोघं गोड जुळतात, कधी एकमेकांना किंचित टोचतात. पण उजवा हात एकटा कधीच पडत नाही.

या पद्धतीला पॅर्त यांनी नाव दिलं ‘टिंटिनाब्युली’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटी घंटा. त्यांच्या पत्नी नोरा हे गणितात सांगतात : एक अधिक एक बरोबर एक.

सुरावटीची वाक्यंही बघा. प्रत्येक वाक्यात एक स्वर वाढत जातो आणि अर्ध्यानंतर एकेक करून कमी होतो. जणू कोणी घरापासून रोज एक पाऊल जास्त लांब जातंय आणि मग परत फिरतंय. पक्का ताल नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वर विरेपर्यंत थांबायचं.

आणि एकाच ठिकाणी डावा हात नियम मोडतो. ठरलेल्या तीन स्वरांबाहेरचा ‘सी शार्प’ वाजवतो. स्वरलिपीत तिथे पॅर्त यांनी एक छोटं फूल काढलंय! मला तो क्षण सगळ्यात हळवा वाटतो. घरी थांबलेली व्यक्तीही एकदा उंबरठा ओलांडते आणि लगेच जागेवर परत येते. फुलाचा हा अर्थ माझा आहे हं, पॅर्त यांचा नाही.

म्हणून म्हणतो, यातली भावना नुसत्या मायनर स्वरांमुळे येत नाही. ती नियमातून येते. आईचं दुःख रडून दाखवण्याऐवजी पॅर्त यांनी एक व्यवस्था उभी केली, जिच्यात जाणाऱ्याला जाऊ दिलं जातं आणि तरी त्याची साथ सुटत नाही. माझ्या मते खरा दिलासा असाच असतो. ‘सगळं ठीक होईल’ असं तो सांगत नाही. तो फक्त प्रत्येक स्वराला शेजारी उभा राहतो.

गंमत म्हणजे चार वर्षांनी, १९८० मध्ये, पॅर्त यांनाच देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. एस्टोनिया स्वतंत्र झाला तो १९९१ मध्ये.

ऐकायची असेल तर १९९९ मध्ये आलेला ‘अलिना’ हा अल्बम शोधा. पियानोवर अलेक्झांडर माल्टर. दोन पानांची रचना त्यात दोनदा आहे, प्रत्येक वेळी जवळजवळ अकरा मिनिटं. इअरफोन लावा आणि या वेळी वरच्या सुरावटीमागे धावू नका. तिच्याबरोबर चालणाऱ्या दुसऱ्या सुराकडे कान द्या.

भेटू पुढच्या भागात!