मंडळ, सर्कल, गिरदावर

मंडळी,

हा शब्द लिहिला आणि इथेच थांबलो. पत्र असो, सभेतलं भाषण असो की हे आमचं इथलं लिखाण, सुरुवात 'मंडळी'नेच करायची सवय. जुन्या पिढीत तर 'आमची मंडळी माहेरी गेली आहे' म्हटलं की बायको माहेरी गेली असं समजायचं. एकटी बाई, पण शब्द अनेकवचनी! हा शब्द आला 'मंडल' पासून, म्हणजे वर्तुळ. गोल करून बसलेली ती मंडळी. चाळीसेक वर्षं मराठी आणि अधूनमधून गणित शिकवलं, पण हे कधी मुलांना सांगितल्याचं आठवत नाही. सेवानिवृत्तीनंतर मात्र या 'मंडळा'ने मला चांगलंच घोळात घेतलं. कारण सांगतो.

आमचं थोडं शेत आहे, पुतण्या पाहतो. शेताच्या कडेने एक ओढा जातो. ओढ्याच्या अलीकडे एक महसूल मंडळ, पलीकडे दुसरं. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात एका रात्री असा पाऊस झाला की सोंगून ठेवलेलं सोयाबीन ओढ्याने उचलून नेलं. पलीकडच्यांचंही नेलं. दुसऱ्या दिवशी मंडळनिहाय पावसाचे आकडे आले. पलीकडचं मंडळ ऐंशी मिलिमीटरच्या पुढे, आमचं पासष्टच्या जरासं खाली. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर झाला तरच ती अतिवृष्टी, असा दंडक. पलीकडच्यांच्या खात्यावर पुढे पैसे आले. आमच्याकडे 'मंडळ बसत नाही' असं उत्तर आलं. पुतण्या मला म्हणाला, "काका, तुम्ही मास्तर ना? मग सांगा, मंडळ म्हणजे काय?"

आता सांगायला बसलो आहे.

राज्यकारभारात हा शब्द फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बारा राजांचं मंडल येतं. त्याचा हिशेब साधा : लागून असलेला शेजारी तो शत्रू, आणि शेजाऱ्याच्या पलीकडचा तो मित्र. (बांधावरची भांडणं पाहिलेल्या कोणालाही हे सिद्ध करून दाखवावं लागत नाही.) पुढे आपल्या भागात 'महामंडलेश्वर' ही पदवी आली. देवगिरीचे यादव स्वतंत्र होण्याआधी कल्याणीच्या चालुक्यांचे सामंत होते, तेव्हा ते ही पदवी लावत. 'मांडलिक' हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी पाठ केला. तो याच मंडलातला. मोठ्याच्या वर्तुळात राहणारा तो मांडलिक.

मग फारसी आली. निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. जिल्ह्याला तालुकदार, तालुक्याला तहसीलदार, गावात पटवारी, माली पाटील, पोलीस पाटील अशी उतरंड. १८८०च्या दशकात कचेरीतली फारसी जाऊन उर्दू आली, पण हुद्दे फारसी वळणाचेच राहिले. तहसीलदार आणि पटवारी यांच्या मधला माणूस तो गिरदावर. 'गिर्द' म्हणजे भोवती, गोल. गिरदावर म्हणजे भोवती फेरी मारणारा. उत्तर भारतात उभ्या पिकाच्या पाहणीला अजून गिरदावरी म्हणतात. तिकडे पटवाऱ्याच्या हद्दीला 'हल्का' म्हणतात. तो अरबी शब्द, अर्थ कडं, वर्तुळ! आपण साहेबाच्या 'दौऱ्या'बद्दल बोलतो त्या शब्दाच्या मुळाशीही गोल फिरणंच आहे. आणि साहेबाने यायचं ते 'फेरफार' मंजूर करायला. तिथेही फेर आहेच.

आजोबा गिरदावराच्या गोष्टी सांगत. तो घोड्यावर यायचा, त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत डोक्यावरून न्यायला माणसं धरली जायची. वेठच ती, मजुरीचं नाव नाही. मुक्काम वाड्यावर, जेवण वाड्यावर. आणि शेतं कोणती पाहायची तर वाड्याच्या वाटेवरची. वाटेपासून दूर, नाल्याकाठी ज्याचं वावर, त्याच्या पिकाचा अंदाज घोड्यावरूनच व्हायचा. तरीही आजोबा शेवटी म्हणायचे, "पण यायचा बरं का." हे 'पण यायचा' मला तेव्हा कळलं नव्हतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. १९५४-५५ च्या सुमाराला ते खासरा पाहणी पत्रक झालं, ज्याचा उतारा काढायला आजही मराठवाड्यातली माणसं तहसिलीत खेटे घालतात. १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्रात. तिकडे इंग्रजी अमलातला 'सर्कल इन्स्पेक्टर' रुळलेला होता. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने त्याला मराठीत मंडळ निरीक्षक, मंडळ अधिकारी केलं. म्हणजे गिर्द गेलं, सर्कल आलं, सर्कलचं पुन्हा मंडळ झालं. राज्यं बदलली, भाषा बदलल्या, पण सरकारने वर्तुळ काही सोडलं नाही.

गावात मात्र कोणी 'मंडळ अधिकारी' म्हणत नाही. "सर्कल आलेत" असंच म्हणतात. हद्दही सर्कल आणि माणूसही सर्कल. शिवाय जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, ज्याला कागदावर 'गट' म्हणतात, तोही बोलण्यात सर्कलच. "आपल्या सर्कलमधून औंदा कोण उभं राहतंय?" यात महसुलाचा काही संबंध नाही. बाहेरून आलेला माणूस चक्रावतो. (चक्रावणं म्हणजेही गोल फिरणं... असो, हा खेळ संपायचा नाही.)

'मंडळ'ने तर आणखी कहर केला आहे. महावितरणचं जालना मंडळ म्हणजे सर्कल. पण २००५ पर्यंत वीज देणारं जे 'राज्य विद्युत मंडळ' होतं, ते मंडळ म्हणजे बोर्ड. दहावीची परीक्षा घेणारं मंडळही बोर्ड. बोर्ड म्हणजे मुळात फळी, लाकडी टेबल. साहेब लोक टेबलाभोवती बसत म्हणून त्या मंडळींचं नाव बोर्ड. आपण भाषांतर करताना टेबल काढून टाकलं आणि भोवती बसलेलं कोंडाळं तेवढं ठेवलं. मला हे भाषांतर मुळापेक्षा आवडतं. १९९० साली मंडल आयोगाचं वादळ उठलं तेव्हा एका मुलाने वर्गात विचारलं होतं, "सर, आपलं कोणतं मंडल त्यात आलं?" ते बिंदेश्वरी प्रसाद मंडल यांचं आडनाव आहे हे समजावून सांगितलं, पण पोराचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आपलं मंडळ कोणतं आणि ते यादीत आलं का, हा आमच्याकडे नेहमीचाच प्रश्न.

१ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. जालना, भोकरदन, जाफराबाद, अंबड हे तालुके तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून आले, परतूर परभणीतून. आज तालुके आठ आहेत. क्षेत्रफळ ७,७०० चौरस किलोमीटरच्या आसपास, महसूल मंडळं पन्नासच्या आसपास. म्हणजे एका मंडळाला सरासरी दीडशे चौरस किलोमीटर. आता माझ्यातला गणिताचा मास्तर जागा होतो. पाठ्यपुस्तकातल्या वर्तुळाची त्रिज्या नेहमी ७ असते, कारण २२/७ शी छान कटते. इथेही ७ किलोमीटर घ्या, क्षेत्रफळ १५४ येतं. बरोबर जमलं! म्हणजे आमचं मंडळ खरोखर गोल असतं, तर मधोमध उभ्या माणसापासून हद्द सात किलोमीटरवर असती. नकाशात ते गोल नाही, फाटक्या पानासारखं आहे. आमचं शेत त्याच्या अगदी टोकाला.

मंडळाचा पाऊस मोजणारं यंत्र एका ठिकाणी असतं. जुन्या सायमन्स पर्जन्यमापकाचं तोंडही गोलच, व्यास १२७ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच. मी एका रिकाम्या दुपारी हिशेब केला. असलं एक तोंड जेवढ्या मंडळाच्या वतीने बोलतं, त्यात तसली बाराशे कोटींहून जास्त तोंडं बसतील. त्यातून पावसाचा सरकारी दिवस सकाळी साडेआठला बदलतो. पहाटे सहाला सुरू झालेला पाऊस अकरापर्यंत कोसळला, तर तो दोन तारखांत वाटला जातो. दोन्ही दिवस पासष्टच्या खाली राहू शकतात. वावर मात्र एकदाच वाहून गेलेलं असतं.

२०१७ नंतर 'महावेध' प्रकल्पात मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, राज्यभर दोन हजारांवर. पीक विमाही मंडळावर, दुष्काळही मंडळावर. २०२३ साली सरकारने आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपले जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड आणि मंठा होते. मग उरलेल्या तालुक्यांतून ओरड झाली, तेव्हा राज्यातल्या आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. त्या दिवसांत चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांना गाव विचारत नव्हती, मंडळ विचारत होती.

यंत्र वाईट असं मी म्हणणार नाही. ते वाड्यावर जेवत नाही, कोणाच्या डोक्यावर सामान देत नाही. गिरदावराने आमच्या नाल्याकाठच्या वावराला न्याय दिला असता, याची खात्री मला नाही. पण जुन्या चारही शब्दांत, मंडळ सोडलं तर, कोणीतरी फिरून येणं होतं किंवा निदान फिरता येईल एवढी हद्द होती. वर्तुळ पायांनी, घोड्याने काढलेलं होतं. आता मधला बिंदू तेवढा आहे. परीघ कोणी चालत नाही. पंचनाम्याला माणसं येतात, नाही असं नाही, पण आधी आकडा बसावा लागतो. तेहतीस टक्के नुकसान झालं की नाही हे पाहायचं, तर आधी बांधावर यायला हवं ना?

आमच्या आजीचं पर्जन्यमापक वेगळं होतं. रात्री अंगणात येऊन ती चंद्राकडे पाहायची. चंद्राभोवती गोल कडं दिसलं की म्हणायची, "चांदाला खळं पडलंय, पाऊस येईल." धान्य मळायच्या गोल जागेलाही खळंच म्हणतात. तिवड्याभोवती बैल फिरायचे तेच खळं. म्हणजे पाऊस येणार हे सांगायला खळं आणि आलेल्या पावसाचं धान्य घरात न्यायलाही खळं. आजीचा अंदाज पुष्कळदा चुकायचा, हेही सांगायला हवं. मोसंबीला पाणी देताना दुहेरी आळं करतात, खोडाला पाणी लागू नये म्हणून. पुतण्या ते फार निगुतीने करतो. वर्तुळ त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

या वर्षी गावाने ठरवलं, आपलं गाव ओढ्यापलीकडच्या मंडळाला जोडून मागायचं, नाहीतर आमच्या बाजूला आणखी एक पर्जन्यमापक मागायचं. मी दुसऱ्याच्या बाजूचा. कारण पुढच्या पावसात पलीकडचं मंडळ कोरडं आणि अलीकडचं ओलं असंही होईल, मग काय परत अर्ज करायचा? पुतण्याला ते पटत नाही. त्याने पलीकडच्यांच्या खात्यावर आलेले पैसे पाहिले आहेत. शेवटी दोन्ही मागण्या एकाच अर्जात घातल्या. अर्ज अर्थात मास्तरांनीच लिहायचा! सह्या घ्यायला पुतण्या घरोघर फिरला, गावाला फेरीच झाली त्याची. अर्ज दिला त्याला आता दोन महिने झाले. सर्कल येऊन पाहून जातील, असं तोंडी सांगितलं आहे.