गाडीचा धक्का व त्याचा बंदोबस्त

बोईसर स्टेशनापासून तारापूरचा किल्ला सुमारें सात मैलांवर आहे. 1864 सालीं बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा लोहमार्ग सुरतेकडून येऊन मुंबईस भिडला. त्यानंतरच्या काळांत मुंबईहून तारापूर-चिंचणीकडे निघालेला उतारू साठ-बासष्ट मैलांचा प्रवास पोलादी कमानींवर तोललेल्या डब्यांत बसून करी, आणि बोईसरला उतरतांच त्याला अशा वाहनांत बसावें लागे, कीं ज्याच्या आंसामध्यें आणि माणसाच्या पाठीच्या कण्यामध्यें लांकडाखेरीज दुसरें कांहीं नसे. एकाच दिवसाच्या प्रवासांत दोन युगें त्याच्या हाडांना समजत. घरी पोंचल्यावर तो थकवा सांगे तो बहुधा त्या साठ मैलांचा नसून या सात मैलांचा असे.

बैलगाडीला कमान नव्हती म्हणून ती घडविणाऱ्या सुताराला अडाणी समजणें अन्यायाचें होईल. धक्क्यावर त्याचे स्वतःचे उपाय होते. पहिला उपाय म्हणजे मोठें चाक. चार-पांच फूट उंचीचें चाक लहान खड्ड्यांत पुरतें उतरत नाहीं. खड्ड्याच्या दोन्ही कांठांवर टेकून तें पुढें जातें. दुसरा उपाय म्हणजे साट्यावर अंथरलेला पेंढा. तिसरा आणि सर्वांत खरा उपाय म्हणजे बैलाची चाल. तासाला दोन-अडीच मैल जाणाऱ्या गाडीला खड्डा जाणवतो तो हळूहळू चढण-उतार म्हणून. तोच खड्डा तासाला वीस मैलांच्या वेगानें आला, तर तो हातोड्याचा घाव होतो. बैल धांवत नव्हता तोंपर्यंत कमानीची गरजच नव्हती, असें म्हटलें तरी चालेल. उतारूंकरितां दमणी नांवाची हलकी, छपराची गाडी असे. ती लवकर पोंचवी. सुखानें पोंचवी असें मात्र कोणी म्हणत नसे.

ज्यांची ऐपत असे ते पालखींत किंवा मेण्यांत बसत. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर पालखी ही उत्तम कमानीची गाडी होती. फरक एवढाच कीं तिच्या कमानी म्हणजे भोयांचे गुडघे आणि खांदे असत. वाकलेली दांडी थोडी लवे, आणि उरलेला धक्का भोयांच्या अंगांत जिरे. या वाहनाचा इतिहास अजून संपलेला नाहीं. 2014 सालीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या पूर्वेकडील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील कित्येक पाड्यांवरून अडलेल्या बाळंतिणीला वा आजाऱ्याला डोलींत घालून पक्क्या रस्त्यापर्यंत आणावें लागल्याच्या बातम्या त्यानंतरच्या वर्षांतही वर्तमानपत्रांत वारंवार आल्या आहेत. वाहनाचा धक्का हा केवळ सुखवस्तु माणसाच्या तक्रारीचा विषय आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं त्या वाटेचा विचार करावा.

युरोपांतही फार काळ याहून वेगळी स्थिति नव्हती. श्रीमंतांच्या बग्ग्या चामड्याच्या पट्ट्यांनीं टांगलेल्या असत. त्यामुळें धक्का कमी होई, पण झुलण्यानें पोटांत ढवळे. पोलादाचा तुकडा जितका ओढावा तितक्या प्रमाणांत तो परत खेंचतो, हा नियम रॉबर्ट हूक यानें 1678 सालीं प्रसिद्ध केला. परंतु नियम समजणें आणि गाडी सुधारणें यांत सव्वाशे वर्षें गेलीं. 1804 सालीं ओबडाया इलियट या लंडनच्या गाडीवाल्यानें पोलादी पाटे एकावर एक रचून लंबवर्तुळाकार कमान बनविली आणि तिच्यावर गाडीचा सांगाडा बसविला. तिचा खरा लाभ पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. बसणाऱ्याला सुख झालें हें तर झालेंच. पण धक्के कमी झाल्यामुळें खालचा जाड लांकडी कणा अनावश्यक झाला, गाडी हलकी झाली, घोडा कमी थकूं लागला, आणि रस्ताही कमी उखडूं लागला. कमान ही माणसाइतकीच घोड्याच्या आणि रस्त्याच्या कामीं आली.

या पाट्यांच्या कमानींत एक गुण न मागतां आलेला आहे. धक्का बसला कीं पाटे एकमेकांवर घांसतात, आणि त्या घर्षणांत धक्क्याची बरीच शक्ति जिरून जाते. म्हणून जुनी गाडी एकदां उसळली तरी फार वेळ नाचत नाहीं. मात्र पाट्यांच्या मध्यें गंज चढला कीं ते जखडतात, आणि कमान असून नसल्यासारखी होते. सातपाटी, तारापूर, चिंचणी या खाऱ्या वाऱ्याच्या गांवांत गाडी ठेवणाऱ्याला हें वेगळें सांगावयास नको. देशावरच्यापेक्षां येथें पाट्यांना वंगण अधिक वेळां लागतें.

रेल्वेची कथा थोडी निराळी आहे. आरंभीचे डबे चार चाकांचे, आंखूड आणि पाट्यांच्या कमानींवर बसविलेले असत. पण त्यांचें सुख कमानीपेक्षां रुळावर अवलंबून असे. रूळ तुकड्यातुकड्यांनीं जोडलेले असत, आणि प्रत्येक सांध्यावर चाक आपटे. त्या ठेक्याची गोडी पुढें कवींनीं गाइली. इंजिनियरांना तो खर्चाचा हिशेब वाटे, कारण प्रत्येक ठोक्यानें रुळाचें टोंक आणि चाक दोन्ही झिजत. पुढें चार चाकांच्या डब्याची जागा लांब डब्यानें घेतली. त्याच्या दोन्ही टोकांखालीं वळणाऱ्या चौकटी आल्या, आणि धक्का दोन टप्प्यांत जिरूं लागला: एकदां चाक व चौकट यांच्यामध्यें, आणि पुनः चौकट व डबा यांच्यामध्यें. 1955 सालीं मद्रासजवळ पेरांबूर येथें स्विस मदतीनें कारखाना निघाला. तेथील डब्यांत पाट्यांऐवजीं पिळाच्या कमानी आणि त्यांच्या जोडीला तेलाचे दट्टे आले. सांधे वितळवून रूळ अखंड करण्याची पद्धति रूढ झाल्यावर तो जुना ठेकाही विरळ झाला.

पालघरच्या लोकांना या शास्त्राचा एक धडा 2013 सालापासून रोज मिळतो. त्या वर्षाच्या एप्रिलांत विरारपुढें डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाडी धांवूं लागली. मुंबईच्या उपनगरी गाड्यांपुढें एक चमत्कारिक अडचण असते: डबा पहांटे रिकामा असतो आणि दोन तासांनीं त्यांत इतकीं माणसें असतात कीं पाय ठेवावयास जागा नसते. पोलादी कमान रिकाम्या डब्यास बेतली तर भरलेल्या डब्याखालीं ती बसून जाते. भरलेल्या डब्यास बेतली तर रिकामा डबा खडखडतो. यावर उपाय म्हणजे हवेची कमान. रबराच्या पिशवींत दाबलेली हवा असते. डबा भारानें खालीं जाऊं लागला कीं एक झडप उघडून पिशवींत अधिक हवा येते, आणि भार उतरला कीं ती हवा सोडून दिली जाते. जमिनीची उंची तीच राहते. 2007 पासून आलेल्या नव्या उपनगरी गाड्यांना अशा कमानी आहेत. उभ्यानें लोंबकळत जाणाऱ्या उतारूचें तेवढ्यानें समाधान होणार नाहीं, हें खरें. पण ज्या भाराखालीं पोलाद हात टेकतें, तो भार हवा उचलते, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

हवेचा पहिला उपयोग अर्थात् चाकांत झाला. रॉबर्ट विल्यम टॉमसन यानें 1845 सालीं हवेच्या चाकाचा हक्क घेतला, पण त्या वेळीं त्याला गिऱ्हाईक मिळालें नाहीं. 1888 सालीं जॉन बॉइड डनलॉप यानें तीच गोष्ट पुनः शोधली, आणि तेव्हां सायकल तयार होती. महाराष्ट्रांतील खेड्यांत रबरी चाकांच्या बैलगाडीला डनलॉप गाडी हेंच नांव पडलें. संशोधकाचें नांव इतक्या सहजपणें शेतकऱ्याच्या तोंडीं बसल्याचीं उदाहरणें थोडीं आहेत. बंगळूरच्या व्यवस्थापनसंस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनीं 1970 नंतरच्या काळांत बैलगाडी सुधारण्याचा ध्यास घेतला, तेव्हां बैलाच्या मानेवरचा भार आणि धक्का हा त्यांच्या विचाराचा एक मुख्य भाग होता. गाडीवानाच्या पाठीची काळजी पुष्कळांनीं केली होती. बैलाच्या मानेचा विचार मात्र क्वचितच कोणी इतक्या नेटानें केला असेल.

मोटार आली आणि वेगाबरोबर धक्क्याचा प्रश्न नव्यानें उभा राहिला. 1 जून 1948 रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धांवली. तेव्हांपासून पुढें कित्येक वर्षें महाराष्ट्रांतील एस. टी. ही मूळच्या मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली पेटी असे. मालमोटारीची कमान पूर्ण भारासाठीं कडक केलेली असते. निम्मी रिकामी बस त्या कमानीला भारच वाटत नाहीं. मागच्या आंसाच्याही मागें असलेल्या शेवटच्या बांकावर तो कडकपणा दुप्पट जाणवतो, आणि आजारी माणसाला उशीरा आल्यामुळें जागा मिळे ती बहुधा तेथेंच.

शरीराला कोणता धक्का बाधतो याचें मोजमाप पुढें झालें. सेकंदाला चार ते आठ वेळां होणारें वरखालीं कंपन पोट व पाठ यांना सर्वांत अधिक जाचतें. उलटपक्षीं सेकंदाला अर्ध्याहून कमी वेळां होणारा संथ हेलकावा मळमळ आणतो. बोट लागणें म्हणतात तें हेंच. या दोहोंच्या मध्यें, मिनिटाला साठ ते नव्वद हेलकाव्यांच्या आसपास, माणूस सुखी असतो, आणि चालतांना त्याच्या स्वतःच्या शरीराची लय या पट्ट्याच्या वरच्या टोंकाच्या जवळपासच असते. 1930 नंतर रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्यें आलेल्या मॉरिस ऑली या इंजिनियरानें पुढें-मागें वजनें सरकवितां येतील अशी एक मोटार करून प्रयोग केले. पुढच्या कमानी मागच्यांहून मऊ ठेवाव्या, असा त्याचा निष्कर्ष होता. उंचवट्यावर पुढचें टोंक आधीं उसळतें आणि मागचें क्षणभरानें. मागची कमान थोडी चपळ असली तर ती पुढचीला गांठते, आणि गाडी झोंके न घेतां सपाट राहते.

हें सर्व ज्ञान एकत्र लागतें तें चाकांवरच्या घराला. अशा घराचा हौसेचा इतिहास 1885 पासून मोजतात. त्या वर्षीं विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टरानें ब्रिस्टल येथें दोन घोड्यांची सुमारें दोन टनांची एक निवासी गाडी बांधवून घेतली आणि तींतून इंग्लंड-स्कॉटलंडचा प्रवास केला. महाराष्ट्र सरकारनें 2021 सालीं कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, आणि फिरत्या घराची कल्पना इकडेही मध्यमवर्गाच्या बोलण्यांत आली. मुंबईहून निघालेल्या अशा गाडीला केळवें, चिंचणी, डहाणूचा किनारा जवळचा. महामार्गानें मनोर, तेथून पालघर. किंवा चिल्हार फाट्यावरून बोईसर. महामार्गावर 2023 पासून काँक्रीटचा थर घालण्याचें काम झालें. फाट्यावरून आंत वळलें कीं मात्र पावसाळ्यानंतर रस्त्याची दशा गाडीवानाच्या काळाची आठवण करून देते.

या गाडीचा दोष एका वाक्यांत सांगतां येतो: मालवाहू गाडी कधीं भरलेली, कधीं रिकामी असते, घर नेहमींच भरलेलें असतें. पाण्याची टाकी, पलंग, चूल, बॅटऱ्या हीं कधींच उतरत नाहींत. त्यामुळें मागच्या कमानी कायमच्या दबून राहतात, लवावयास त्यांना वाव उरत नाहीं, आणि प्रत्येक खड्डा रबराच्या ठोकळ्यावर आपटतो. शिवाय घर उंच असतें. वळणावर तें कलतें, आणि शेजारून मोठी मालमोटार गेली तरी डोलतें.

अशा वेळीं गॅरेजमध्यें पहिला सल्ला मिळतो तो एक पाटा वाढविण्याचा. सल्ला जुना आहे, स्वस्त आहे, आणि अर्धाच बरोबर आहे. पाट्यानें गाडी उचलली जाते, पण कडक होते. आपटणें जाऊन खडखड येते, आणि कपबशांचा निकाल लागतो. शहाणा मालक आधीं गाडी काट्यावर नेतो, आणि पुढच्या व मागच्या आंसाचें वजन वेगवेगळें करून घेतो. कित्येकदां पाण्याची टाकी मागच्या टोंकाकडून दोन्ही आंसांच्या मध्यें आणल्यानेंच निम्मी तक्रार मिटते. नंतर टायरांतील हवा त्या वजनास जुळविणें. मग मूळ पाट्यांच्या जोडीला हवेच्या पिशव्या, कीं ज्यांचा दाब भाराप्रमाणें कमीजास्त करतां येतो. उसळी आवरण्यास चांगले शॉक ॲब्सॉर्बर. आणि कलणें रोखण्यास दोन्ही चाकांना जोडणारी पिळाची दांडी. यांपैकीं प्रत्येकाचें काम निराळें आहे. कमान भार उचलते, शॉक ॲब्सॉर्बर हालचाल थांबवितो, दांडी कल रोखते. एकाचें काम दुसऱ्यावर ढकललें कीं पैसा जातो आणि हादरा राहतो. आंसावर कारखान्यानें ठरविलेली भाराची मर्यादा मात्र यांपैकीं कशानेंही वाढत नाहीं. गाडी सरळ उभी दिसूं लागली म्हणजे आणखी सामान भरावें असा मोह होतो, आणि टायर फुटतात ते तेव्हां.

चिंचणीच्या सुरूच्या बनाशीं गाडी उभी राहिली कीं एक गंमत होते. इतक्या खटपटीनें मऊ केलेल्या कमानी आतां नकोशा होतात. कोणी पलंगावर कुशीवर वळला तरी घर झुलतें. म्हणून गाडीच्या चारी कोपऱ्यांत लोखंडी पाय असतात. ते स्क्रूनें खालीं उतरवून जमिनीला टेकवितात, आणि सांगाड्याचा भार कमानींवरून निघून त्या पायांवर येतो. वाळू भुसभुशीत असल्यानें पायांखालीं फळ्या घालाव्या लागतात. बैल सोडल्यावर गाडीवान जुवाखालीं टेकू लावतो, तोही मऊ जमीन पाहून टेकूखालीं असाच एखादा दगड सरकवितो.