बढतीविना छत्तीस वर्षे

इतिहासाच्या पुस्तकांत लढायांना पाने मिळतात, तहांना मिळतात, राजांच्या लग्नांनाही मिळतात; पण शनिवारच्या अर्ध्या दिवसाला कोणी अर्धे पानसुद्धा दिलेले नाही. हा अन्याय मला बोचतो, कारण मी बँकेत चिकटलो तेव्हा शनिवारी बँक अर्धा दिवस असे. दुपारी रोकड जुळली की जी काही मोकळीक वाटे, ती रविवारी सबंध दिवस लोळूनही वाटत नसे. मग १ सप्टेंबर २०१५ पासून नियम बदलला. दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुट्टी, बाकीचे शनिवार पूर्ण काम. हिशेबाने आमचे काहीच गेले नाही. पण वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून शपथेवर सांगतो, दोन अर्धे शनिवार मिळून एक पूर्ण शनिवार होत नाही.

या अर्ध्या शनिवारातून एक आख्खा खेळ उभा राहिला, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. इंग्लंडात १८५० साली कायदा झाला, की कापडगिरण्यांतल्या बायका आणि पोरे शनिवारी दुपारी दोननंतर कामाला जुंपायची नाहीत. बायका-पोरे घरी गेल्यावर एकटे पुरुष गिरणी काय चालवणार? तेही सुटले. पुढे सुटण्याची वेळ आणखी अलीकडे आली. आता दुपारी एक-दोन वाजता सुटलेला माणूस घरी जाणार, हातपाय धुणार, दोन घास खाणार, आणि मग बायकोने काही काम सांगायच्या आत बाहेर पडणार. म्हणजे झाले तीन. इंग्लंडात फुटबॉलची मॅच शनिवारी तीनला का सुरू होते, त्याचे उत्तर शास्त्रात नाही, गिरणीच्या भोंग्यात आहे.

या तीनच्या मुहूर्ताचे पावित्र्य तिथे अजून पाळतात. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडात टीव्हीवर फुटबॉलची मॅच थेट दाखवायला बंदी आहे. घरबसल्या मोठ्या क्लबांचा खेळ दिसला तर लहान क्लबांच्या मैदानावर कुत्रेही फिरकणार नाही, ही भीती. १९६०च्या दशकात ही भीती सर्वांच्या गळी उतरवणारा गृहस्थ म्हणजे बर्नली क्लबचा अध्यक्ष बॉब लॉर्ड. धंद्याने मटणवाला, तेव्हा तुकडा कोणाचा आणि किती, हे त्याला चांगलेच कळत असणार. परिणाम असा, की जी मॅच इंग्लंडातल्या माणसाला स्वतःच्या घरात पाहता येत नाही, ती डोंबिवलीचा माणूस संध्याकाळी साडेसातला, थंडीत साडेआठला, आमटीभात कालवत पाहतो.

पण मला सांगायचे आहे ते त्या मोठ्या क्लबांबद्दल नव्हे. त्यांचे गोडवे गायला आमच्या शाखेतली नवी पोरे समर्थ आहेत. माझा क्लब रॉचडेल.

रॉचडेल हे नाव मराठी माणसाला फुटबॉलमुळे नव्हे, बी.कॉम.मुळे माहीत असते. सहकाराच्या पेपरात ‘रॉचडेलचे प्रवर्तक’ हा हमखास प्रश्न. मँचेस्टरजवळच्या या गिरणगावात १८४४ साली अठ्ठावीस जणांनी अठ्ठावीस पौंड जमवून टोड लेनमध्ये दुकान काढले. पीठ, साखर, लोणी असला माल. वजन चोख, भाव वाजवी, आणि नफा गिऱ्हाइकांतच खरेदीच्या प्रमाणात वाटायचा. आपल्याकडचे ग्राहक भांडार पाहिले की या अठ्ठावीस जणांची आठवण येते. वजन पाहिले की जाते. एवढे पाठ करून मी दहा मार्कांपैकी सात मिळवले. त्याच गावात १९०७ साली फुटबॉल क्लब निघाला हे मला फार उशिरा कळले. हा क्लबही, सहकारी दुकान वगळता सर्व सहकारी चळवळीप्रमाणे, नफ्यासाठी प्रसिद्ध नाही.

मी रॉचडेलला गेलेलो नाही. पानिपतावर लिहिणारे तरी कुठे लढले होते?

क्लबच्या मैदानाचे नाव स्पॉटलंड. अशा मैदानांवर शनिवार कसा जाई, हे वाचायला मला आवडते. लोखंडी फिरते फाटक असे, एका वेळी एकच माणूस कसाबसा आत जाईल एवढे. आत भोकातून पैसे घेणारा कॅशियर. त्या भोकाबद्दल माझ्या मनात बंधुभाव आहे. पोरांना बाप सरळ फाटकावरून उचलून आत ठेवत, ही सवलत नियमात नव्हती पण वहिवाटीत होती. आत सिमेंटच्या पायऱ्या. या बसायच्या नव्हेत, उभे राहायच्या. पोरांना मागून काही दिसत नसे म्हणून त्यांना लोकांच्या डोक्यांवरून, विटा हातोहात पोचवाव्यात तसे, पुढच्या कठड्यापर्यंत पोचवत. मॅच संपली की तीच पोरे आपापल्या बापाला सापडत, असे म्हणतात. संपायला पंधरा-वीस मिनिटे उरली की बाहेर पडणाऱ्यांसाठी मोठे दरवाजे उघडत, आणि त्याच दरवाजांतून बेकार मंडळी, खिशात पै नसलेली पोरे फुकट आत येत. शेवटचा गोल त्यांनीही पाहिलेला असे. तिकीट काढलेल्यांनी कधी तक्रार केल्याचे वाचनात नाही.

मध्यंतरात खायला मांस भरलेला ‘पाय’ (शब्द त्यांचा आहे, अवयव नव्हे) आणि प्यायला बोव्हरिल. बोव्हरिल म्हणजे गोमांसाचा अर्क गरम पाण्यात कालवलेला. आपल्याकडून त्याबद्दल अधिक लिहिणे बरे नव्हे. हात गरम राहावेत म्हणूनही बरेच लोक तो पेला धरून उभे राहत, असे दिसते.

पण सर्वांत मोठी गंमत त्या फळ्यांची. रेडिओ खिशात मावू लागण्याआधी इतर गावांच्या मॅचेसचा निकाल कळायला साधन नव्हते. म्हणून मैदानाच्या कडेला ए, बी, सी अशी अक्षरे रंगवलेली असत आणि मध्यंतरात एक माणूस येऊन प्रत्येक अक्षराखाली आकडे टांगी. ए म्हणजे कुठली मॅच, बी म्हणजे कुठली, हे मात्र विकतच्या कार्यक्रमपत्रिकेतच छापलेले! पत्रिका न घेतलेल्या माणसाला ‘के : दोन-एक’ एवढेच दिसे. कोण दोन, कोण एक? मग तो शेजाऱ्याच्या खांद्यावरून वाकून पाही. लोकलमध्ये दुसऱ्याचे वर्तमानपत्र वाचणारा मनुष्य मी जन्मभर पाहत आलो आहे. तो आपला एकट्याचा नाही, हे समजल्यावर बरे वाटले. संध्याकाळी सगळे निकाल घेऊन खास वर्तमानपत्र निघे, मँचेस्टरात गुलाबी कागदावर, शेफील्डात हिरव्या.

महायुद्धानंतर या पायऱ्यांना सोन्याचे दिवस आले. १९४८-४९च्या मोसमात सगळ्या डिव्हिजनांत मिळून चार कोटी दहा लाखांवर तिकिटे गेली. मग घराघरात टीव्ही आले, मोटारी आल्या, गिरण्या बंद पडू लागल्या, आणि १९८५-८६ मध्ये हा आकडा एक कोटी पासष्ट लाखांवर उतरला.

रॉचडेलने या उतरणीत आपला वाटा इमानाने उचलला. १९७३-७४च्या मोसमात ते तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होते आणि सेहेचाळीस मॅचेसपैकी दोन जिंकले. दोन! त्या वर्षी कोळशाच्या टंचाईमुळे सरकारने विजेवर निर्बंध घातले होते, दिवे लावून खेळायची सोय नाही. म्हणून ५ फेब्रुवारी १९७४ रोजी, मंगळवारी भर दुपारी, केंब्रिज युनायटेडबरोबर मॅच ठेवली. आलेले प्रेक्षक : ४५०. मी हा आकडा पुष्कळदा मनात घोळवतो. शेवटच्या नंबरावरचा क्लब, फेब्रुवारीतली थंडी, कामाचा वार. तरी चारशे पन्नास माणसे कामावर काहीतरी थाप मारून आली. कोणाकोणाच्या आज्या त्या दिवशी वारल्या असतील देव जाणे.

त्याच वर्षी रॉचडेल चौथ्या, म्हणजे तळाच्या डिव्हिजनमध्ये उतरले आणि तिथे राहिले. किती? छत्तीस वर्षे. १९७४ ते २०१०. इंग्लंडात लोक गमतीने त्या डिव्हिजनलाच ‘रॉचडेल डिव्हिजन’ म्हणू लागले. आणि पाहा, मधल्या काळात डिव्हिजनचे नाव मात्र बढती घेत होते. १९९२ मध्ये चौथीची तिसरी झाली, २००४ मध्ये ‘लीग टू’. क्लब हलला नाही, पाटी हलली. आम्हा कारकुनांनाही २०२४च्या करारानंतर ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. सौ.ला मी ही बातमी उत्साहाने सांगितली, तर तिने एवढेच विचारले, “म्हणजे टेबल तेच ना?”

एकदा तर नोकरीच जाणार होती. त्या काळी तळाच्या क्लबांचे भवितव्य खेळाने नव्हे, इतर क्लबांच्या मतांनी ठरे. म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेसारखे. १९८० साली रॉचडेल शेवटचे आले आणि त्यांच्या जागी ऑल्ट्रिंगम येऊ पाहत होते. मते पडली रॉचडेलला २६, ऑल्ट्रिंगमला २५. ऑल्ट्रिंगमच्या बाजूची काही मंडळी वेळेवर सभागृहात पोचलीच नाहीत, असे सांगतात. आमच्या सोसायटीत लिफ्टचा ठराव याच रीतीने पडला.

या सगळ्या हसण्यात एक गोष्ट मात्र हसून नेता येत नाही. ज्या लाकडी छपरांखाली आणि मोडक्या पायऱ्यांवर ही माणसे हौसेने उभी राहत, त्यांची डागडुजी कोणी करत नव्हते. पैसा नाही, हे कारण. खालच्या डिव्हिजनला कोण विचारतो, हेही कारण. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्ड सिटीच्या मैदानावर उत्सव होता. तिसरी डिव्हिजन जिंकल्याचा चषक मॅचपूर्वी दिला गेला होता. लाकडी स्टँडच्या फटींतून वर्षानुवर्षे खाली पडलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि काही मिनिटांत सगळा स्टँड गेला. मागचे दरवाजे कुलूपबंद होते. छप्पन्न माणसे गेली. नंतर राखेत १९६८ सालचे वर्तमानपत्र सापडले, आणि जुन्या चलनातली किंमत छापलेला शेंगदाण्यांचा पुडा. ते चलन १९७१ सालीच बदलले होते. म्हणजे तो कचरा निदान चौदा वर्षे कोणी उचलला नव्हता. छप्पर बदलायचे आधीच ठरले होते. मी ऑडिट पाहिलेला माणूस आहे. ‘ठरले आहे’ हा शेरा मी कित्येक फायलींवर वाचला आहे.

१९८९ मध्ये हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीत सत्त्याण्णव माणसे गेल्यावर वरच्या दोन डिव्हिजनांत पायऱ्या काढून खुर्च्या घालायचे फर्मान निघाले. खालच्यांना सूट मिळाली. म्हणून स्पॉटलंडच्या सँडी लेनकडच्या बाजूला पायऱ्या राहिल्या.

२०१० साली अखेर बढती मिळाली. ५ मे २०१८ रोजी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, पुन्हा तळाला जायची वेळ आली असता चार्लटनविरुद्ध एकुलता एक गोल झाला आणि क्लब वाचला. गोल मारणारा जो थॉम्पसन. रक्ताच्या कर्करोगातून दोनदा उठून मैदानावर परतलेला हा माणूस राखीव म्हणून मध्येच आत आला होता. तो २०२५ साली, छत्तिसाव्या वर्षी, त्याच आजाराने गेला. क्लब २०२१ मध्ये पुन्हा तळाच्या डिव्हिजनमध्ये आणि २०२३ मध्ये, एकशे दोन वर्षांनी, लीगमधूनच बाहेर पडला.

शेजारच्या बरी गावची कथा आणखी वेगळी. बरीचा क्लब १८९४ पासून लीगमध्ये. १९०० आणि १९०३ साली देशाचा चषक जिंकलेला. २०१९ मध्ये देणी थकली, मालकाची कागदपत्रे लीगला पटेनात, विकत घेणारा आज येतो की उद्या असे चालले होते. २७ ऑगस्टला शेकडो लोक आपापल्या घरचे झाडू, फडकी, बादल्या घेऊन मैदानावर आले. शनिवारची मॅच झाली तर मैदान तयार हवे, म्हणून. खुर्च्या पुसल्या, पायऱ्या झाडल्या, तण उपटले. त्याच रात्री लीगने क्लबला काढून टाकले.

कर्जाचे बुडीत खाते कसे असते, हे मला कोणी शिकवायला नको. पण बुडीत खात्याच्या दारात झाडू मारायला आलेला खातेदार मी आजवर पाहिलेला नाही. गिग लेनवर, म्हणजे त्याच मैदानावर, पुन्हा बरीची मॅच व्हायला २०२३ उजाडले. क्लब आता इंग्लिश फुटबॉलच्या शिडीवर नवव्या पायरीवरून सुरू झाला होता. मॅचची वेळ शनिवारी, दुपारी तीन.