जमिनीवरची जहाजं

आपल्या मंडळात गेल्या काही वर्षांत एक नवी जमात तयार झाली आहे: कॅम्परव्हॅनवाल्यांची. पूर्वी लेक डिस्ट्रिक्टला गेलं की बी अँड बीच्या खोलीत खिडकी उघडून चोरून खिचडीचा कुकर लावावा लागे. आता गाडीतच शेगडी, गाडीतच बिछाना, आणि मागच्या कपाटात भाजाणीचा डबा. ही मंडळी भेटली की मला एकच प्रश्न विचारतात: "घरची मोटार आणि ही व्हॅन, दोन्हींचा विमा एकत्र काढावा की वेगवेगळा?" मी काही वर्षं एका विमा कंपनीच्या संगणक प्रणालीवर काम केलं, हीच काय ती माझी पात्रता. उत्तर दोन-चार वाक्यांत देता येतं. पण ते तसं का, हे कळायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं, आणि खरं सांगायचं तर मला रस त्यातच जास्त आहे.

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून गेली. ब्रिटनमध्ये मोटारीने मेलेली ती पहिली पादचारी. चौकशीत निकाल लागला 'अपघाती मृत्यू', आणि प्रकरण तिथेच संपलं. १९०३ च्या मोटार कायद्याने गाड्यांना नंबर दिले, चालकांना परवाने दिले, वेगाची मर्यादा ताशी २० मैलांवर नेली. विम्याबद्दल मात्र सक्ती नव्हती. ज्याला हवा त्याने काढावा.

विमा उतरवणार कोण, तर लॉइड्स. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात जहाजवाले आणि व्यापारी जमत, त्यातून उभा राहिलेला हा बाजार. त्यांनी पहिली मोटार पॉलिसी १९०४ साली लिहिली. त्यांच्या हाताला सवय जहाजांच्या मसुद्याची, त्यामुळे मोटार म्हणजे जमिनीवर चालणारं जहाज असं धरून पॉलिसी लिहिली गेली, असं लॉइड्सवाले कौतुकाने सांगतात. गोष्टीला थोडं मीठमसाला लागलेला असेलही. पण जहाजी विम्यातल्या दोन कल्पना आपल्या प्रश्नाला आजही थेट लागू पडतात. एक म्हणजे ताफा: दहा जहाजांची दहा पॉलिसी न काढता सगळ्यांचा विमा एकत्र. दुसरी म्हणजे आधी ठरवलेली किंमत. जहाज मधल्या समुद्रात बुडालं, तर त्याची बाजारातली किंमत काय होती यावर नंतर वाद घालण्यापेक्षा आधीच आकडा ठरवून पॉलिसीत लिहायचा. १९०६ च्या सागरी विमा कायद्यात अशा पॉलिसीची वेगळी व्याख्याच आहे.

मोटारी वाढल्या तशी माणसं मरू लागली. १९३० साली ब्रिटनच्या रस्त्यांवर सात हजारांहून अधिक बळी गेले, आणि तेही आजच्या मानाने मूठभर गाड्या असताना. जखमी माणूस कोर्टात जिंकला तरी मोटारवाल्याकडे पैसे नसले तर निकालाचा कागद घेऊन घरी जायचं. विमा असला तरी सुटका होईलच असं नव्हतं. हॅरिंग्टन मोटर कंपनीचं १९२८ चं प्रकरण वाचून मी चाट पडलो. त्या कंपनीच्या गाडीने चॅप्लिन नावाच्या पादचाऱ्याला जखमी केलं, त्याने दावा जिंकला, विमा कंपनीने पैसेही दिले. पण मधल्या काळात मोटार कंपनी बुडाली होती. कोर्ट म्हणालं, विम्याचे पैसे बुडालेल्या कंपनीचे, ते सगळ्या सावकारांत वाटले जातील. म्हणजे हाडं मोडली एकाची आणि भरपाईत वाटेकरी सगळे!

१९३० मध्ये संसदेने दोन कायदे केले. एकाने बुडालेल्या मोटारवाल्याच्या विम्याचे पैसे थेट जखमीच्या हाती जातील अशी सोय केली. दुसरा रोड ट्रॅफिक ॲक्ट, ज्याने १ जानेवारी १९३१ पासून थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. गंमत अशी की त्याच कायद्याने मोटारींची ताशी २० मैलांची मर्यादा काढूनच टाकली. पुढे १९३५ मध्ये वस्तीच्या भागांत ३० मैलांची मर्यादा आली. गाडीत बसलेल्या पाहुण्यांचा विमा मात्र सक्तीचा व्हायला १ डिसेंबर १९७२ उजाडावं लागलं. चार पोरं आणि आजी-आजोबा घालून निघणाऱ्या आपल्या कुटुंबांनी ही तारीख मुद्दाम वाचावी.

आपल्याकडचा १९३९ चा मोटार वाहन कायदा याच वळणाने गेला. त्यातली सक्तीच्या विम्याची कलमं १ जुलै १९४६ पासून अमलात आली. पुण्या-मुंबईत स्कूटरच्या डिकीत जपून ठेवलेला 'थर्ड पार्टी'चा कागद हा या इंग्लिश कायद्याचाच भारतीय भाऊ.

आता व्हॅनकडे वळू. हौसेसाठी चाकांवरचं घर बांधून घेणाऱ्यांत डॉ. गॉर्डन स्टेबल्स या आरमारी डॉक्टरचं नाव पहिलं येतं. १८८५ सालची त्यांची 'वाँडरर' घोडे ओढत. खरी लाट युद्धानंतरची. फोक्सवॅगनची व्हॅन १९५० मध्ये कारखान्यातून बाहेर पडली, पुढच्याच वर्षी वेस्टफालियाने तिच्यात बसेल असा बिछान्या-टेबलाचा संच काढला. इंग्लंडमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने बेडफर्ड व्हॅनला वर उचलणारं छप्पर बसवलं आणि 'डॉर्मोबिल' हे नाव घराघरांत गेलं. विमावाल्यांपुढे मात्र कोडं पडलं. ही मोटार, मालाची व्हॅन, की घर? आठवड्याला कामावर जाणारी गाडी आणि वर्षात पंधरा दिवस वेल्सला जाणारं घर, यांची जोखीम एक कशी? पण आत गॅसची टाकी, लाकूडकाम, पडदे, म्हणजे आगीची भीती जास्त. यातूनच फक्त कॅम्परव्हॅनचे विमे करणारे लोक पुढे आले.

याच काळात स्वस्त विम्याचं प्रकरण अंगाशी आलं. बड्या कंपन्या ठरावीक दरपत्रकाने चालत. सिलोनच्या एमिल सॅव्हुन्ड्राने १९६३ मध्ये 'फायर, ऑटो अँड मरीन' कंपनी काढून त्यांच्यापेक्षा खूप कमी हप्त्यात गिऱ्हाइकं ओढली. १९६६ च्या जुलैत ती कोसळली आणि सुमारे ४ लाख मोटारवाले एका रात्रीत विम्याविना राहिले. सॅव्हुन्ड्रा १९६८ मध्ये तुरुंगात गेला. लोक शहाणे होतात न होतात तोच मार्च १९७१ मध्ये 'व्हेइकल अँड जनरल' बुडाली. यावेळी सुमारे ८ लाख. तिची जाहिरात होती चांगल्या चालकांना मोठा नो क्लेम बोनस देण्याची. त्यानंतर १९७५ मध्ये पॉलिसीधारकांच्या संरक्षणाचा कायदा आला, म्हणून आज कंपनी बुडाली तरी आपण पूर्ण उघडे पडत नाही.

नो क्लेम बोनस हीच आपल्या प्रश्नाची खरी गाठ आहे. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. भारतातही तसंच, गाडी विकली तरी तो मालकाकडे राहतो. पण ब्रिटनमध्ये तो एका वेळी एकाच गाडीला लावता येतो. नऊ वर्षं कष्टाने जमवलेला बोनस मोटारीला लावला, की व्हॅनच्या बाबतीत तुम्ही कालचं पोर! मी ज्या प्रणालीवर काम केलं तिच्यात एका पॉलिसीला एकच गाडी हा नियम इतका खोल पुरलेला होता, की दुसरी गाडी जोडायची तर आम्ही दोन पॉलिसी करून त्यांना वरून दोरी बांधत असू. बाहेर गिऱ्हाइकाला 'एकच पॉलिसी' दिसे. जहाजांच्या ताफ्याची कल्पना घरगुती मोटारींपर्यंत पोचायला शंभर वर्षं लागली, यात आम्हा संगणकवाल्यांचाही थोडा वाटा आहे.

तेव्हा उत्तर असं. व्हॅन कारखान्यातून तयार आलेली, बरीचशी नवी आणि वरचेवर चालवणार असाल, तर एकत्र विमा बघा. सवलत मिळते, मुदत एकाच दिवशी संपते, आणि काही कंपन्या मोटारीचा बोनस व्हॅनलाही तितकाच धरतात. हे शेवटचं मात्र लेखी विचारा. एका गाडीच्या दाव्याचा दुसरीच्या हप्त्यावर काय परिणाम होईल, तेही विचारा.

व्हॅन जुनी असेल किंवा आतलं सुतारकाम तुम्ही स्वतः केलं असेल, तर माझं मत वेगळ्या विम्याकडे झुकतं. साध्या पॉलिसीत बाजारभाव मिळतो, आणि १९७० च्या दशकातल्या फोक्सवॅगनचा बाजारभाव ठरवताना गिऱ्हाईक आणि विमावाला यांचं क्वचितच पटतं. विशेष कंपन्या आधी ठरवलेल्या किमतीवर विमा देतात, म्हणजे तोच जहाजाचा आकडा. वर्षाचे मैल कमी सांगितले तर बहुधा हप्ताही उतरतो. स्वतः बनवलेल्या व्हॅनबद्दल आणखी एक गोष्ट: २०१९ पासून डीव्हीएलएने 'मोटर कॅरॅव्हॅन' अशी नोंद द्यायला बाहेरून दिसणाऱ्या खुणांवर भर दिला आहे. आत राजवाडा असला तरी बाहेरून मालाची व्हॅन दिसली तर कागदावर व्हॅनच राहते. विमा कंपनीला ते आधीच सांगून फोटो पाठवून ठेवावेत.

आणि हिवाळ्यात व्हॅन दारात नुसती उभी आहे म्हणून विमा थांबवायचा विचार असेल तर थांबा. २०११ पासून नोंदणी असलेली गाडी न चालवताही विम्याविना ठेवता येत नाही. ती रस्त्यावरून काढून स्वतःच्या जागेत उभी करायची, 'सॉर्न' जाहीर करायचं, मगच विमा बंद करायचा. तरीही आग आणि चोरीपुरता विमा चालू ठेवता येतो का ते विचारून घ्या. आत शेगडी आहे, आणि भाजाणीचा डबाही.