नेट न्यूट्रॅलिटी आणि दूरसंचार नियामक (भारत)

इंटरनेट जोडणी पुरवणाऱ्या कंपनीने त्या जोडणीवरून जाणाऱ्या मजकुरात डावे-उजवे करू नये, हे तत्त्व म्हणजे नेट न्यूट्रॅलिटी. एखादे संकेतस्थळ अडवणे, एखाद्याचा वेग मुद्दाम घटवणे, पैसे मोजणाऱ्याला पुढे काढणे, ठरावीक ॲप फुकट देऊन बाकीच्यांना डेटाचे पैसे लावणे, हे सगळे प्रकार त्यात वर्ज्य ठरतात. अमेरिकी कायदेपंडित टिम वू यांनी २००३ मध्ये ही संज्ञा रूढ केली. तिचा कायदा करणारा पहिला देश चिली (२०१०). भारतात हा वाद प्रामुख्याने २०१४ ते २०१८ या काळात भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणापुढे (ट्राय) चालला.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलना वेगळा आकार लावण्याचे जाहीर केले आणि ओरड होताच काही दिवसांत ते मागे घेतले. व्हॉट्सॲप, स्काइप यांनी आमचे कॉल आणि एसएमएस खाल्ले, शिवाय त्यांना परवाना शुल्काचा जाच नाही, अशी कंपन्यांची तक्रार होती. २७ मार्च २०१५ रोजी ट्रायने काढलेल्या सल्लामसलत पत्राचा सूर बराचसा याच तक्रारीचा होता. ११८ पाने, २० प्रश्न आणि रोख असा, की इंटरनेट सेवांना नियमात बांधायचे तर कसे. नियामकावरचा उद्योगाचा प्रभाव लाचलुचपतीत शोधणाऱ्यांनी हे पत्र जरूर वाचावे. प्रश्नच एका बाजूने मांडला की उत्तरे आपोआप त्या वळणाने जातात, आणि एवढा ऐवज वाचून मुदतीत उत्तर धाडणे एरवी कंपन्यांच्या पगारी नियामक विभागांनाच जमते.

या वेळी ते गणित चुकले. स्वयंसेवकांच्या एका गटाने ‘सेव्ह द इंटरनेट’ या नावाने पत्राचा सारांश आणि उत्तरांचा मसुदा लोकांसमोर ठेवला, एआयबी या विनोदी मंडळीच्या चित्रफितीने तो घरोघरी नेला, आणि ट्रायकडे दहा लाखांवर ईमेल गेले. (ट्रायने ते सारे पत्त्यांसकट जसेच्या तसे प्रसिद्ध केले, एवढ्या लोकांची मते घेण्याची सवय कार्यालयाला नव्हती, हे त्यावरून दिसते.) याच एप्रिलमध्ये ‘एअरटेल झीरो’ ही योजना आली. तीत ग्राहकाच्या डेटाचे पैसे ॲपवाल्याने भरायचे होते. टीका वाढताच फ्लिपकार्टने तिच्यातून अंग काढून घेतले. मोबाइल कंपन्यांच्या सीओएआय या संघटनेने ‘सबका इंटरनेट, सबका विकास’ ही उलट मोहीम काढली.

दुसरी फेरी फेसबुकची. रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर फेब्रुवारी २०१५ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झालेली त्यांची मोफत सेवा पुढे ‘फ्री बेसिक्स’ म्हणून ओळखली गेली. ती मोजक्याच संकेतस्थळांपुरती होती, आणि तिच्यात कोणी यायचे याच्या अटी फेसबुक ठरवी. ९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने डेटाच्या भिन्न दरांवर नवे पत्र काढताच पानभर जाहिराती झळकल्या. मार्क झुकरबर्ग यांनी इंग्रजी वृत्तपत्रातील लेखात महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा दाखला दिला: पावसाचा अंदाज आणि बाजारभाव त्याला या सेवेमुळे कळतात, असा. फेसबुकवरील बटण दाबले की तयार मजकुराचा ईमेल ट्रायला जाई. असे लाखो ईमेल आले. पण त्यांत फ्री बेसिक्सची भलामण होती आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तर नव्हते. तत्कालीन अध्यक्ष राम सेवक शर्मा यांच्या ट्रायने फेसबुकला ठणकावले, की सल्लामसलत म्हणजे घडवून आणलेला कौल नव्हे. ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमांनी मजकुरानुसार वेगळा दर लावण्यास बंदी घातली. दंड दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाख. आणीबाणीच्या सेवांना सूट. तीनच दिवसांत फ्री बेसिक्स भारतातून गेले.

बंदी इतकी झटपट आली याचे कारण कायद्यात आहे. दर ठरवण्याचा अधिकार ट्रायचा स्वतःचा. परवान्याच्या अटींबाबत मात्र ते केवळ शिफारस करू शकते. त्यामुळे अडवणूक आणि वेग घटवणे यांवरची नोव्हेंबर २०१७ ची शिफारस जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने मान्य केल्यावर परवान्यांत उतरली. हा विभाग बीएसएनएलचाही मालक आहे, ही बाब ट्रायच्या स्वायत्ततेच्या चर्चेत सहसा मागे पडते. शिवाय कंपन्यांना कोर्टाची वाट मोकळी असतेच: कॉल तुटल्यास ग्राहकाला एक रुपया भरपाई देण्याचा ट्रायचा नियम सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला.

तुलनेसाठी अमेरिका. तेथील दूरसंचार नियामक आयोगाचे अध्यक्ष टॉम व्हीलर हे पूर्वी केबल आणि मोबाइल कंपन्यांच्या संघटनांचे प्रमुख होते; तरी २०१५ चे नेट न्यूट्रॅलिटीचे कडक नियम त्यांच्याच काळातले. ते २०१७ मध्ये मोडणारे अजित पै एकेकाळी व्हेरायझन या दूरसंचार कंपनीचे वकील. पूर्वीच्या नोकरीवरून माणूस ओळखण्याचा ठोकताळा इथे अर्धाच लागू पडतो. २०१७ च्या सुनावणीत आलेल्या सुमारे २.२ कोटी अभिप्रायांपैकी १.८ कोटी बनावट होते, असे न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत २०२१ मध्ये आढळले. त्यांपैकी ८५ लाखांमागे ब्रॉडबँड उद्योगाचा पैसा होता. पण नियमांच्या बाजूचे ७७ लाख एकट्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने पाठवले होते. २०२४ मध्ये परत आणलेले नियम अपील न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी रद्दबातल केले.

भारतात जुनी मागणी आता नव्या नावाने येते. मोठ्या ॲपनी जाळ्याच्या खर्चात ‘फेअर शेअर’ उचलावा, असे सीओएआयचे म्हणणे असून ट्रायच्या जुलै २०२३ च्या सल्लामसलत पत्रात या विषयाला जागा मिळाली. त्याच वर्षीच्या दूरसंचार कायद्याने ट्राय अधिनियमातही दुरुस्ती केली. आजवर या संस्थेवर बहुतांशी निवृत्त सनदी अधिकारी अध्यक्ष म्हणून आले. दुरुस्तीनुसार किमान ३० वर्षांचा व्यावसायिक अनुभव असलेली खासगी क्षेत्रातील व्यक्तीही त्या पदावर येऊ शकते.