‘म्हादेई’चा शिधा

१९ ऑगस्ट २००९. कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. नौका ५६ फुटी, शिडाची. गोव्याच्या रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ‘म्हादेई’. मार्गात फ्रिमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन ही चार बंदरे. तेथे शिधापाणी नव्याने भरता येई, मोडतोडही दुरुस्त होई.

१ नोव्हेंबर २०१२ रोजी याच नौकेतून अभिलाष टॉमी निघाले, ते कोठेही न थांबण्यासाठी! मग सारा शिधा प्रारंभीच चढवणे आले. अन्न सुकवून हलके करता येते, पाणी नाही. दिवसाला ३ लिटर धरले तरी १५० दिवसांचे भरते ४५० किलो. त्यात वाटेत साठ्यातले पाणी डिझेल मिसळून नासले. अखेर पावसाने हात दिला. ३१ मार्च २०१३ रोजी ‘म्हादेई’ मुंबईस परतली.