दोन श्रावण आणि एक जोडणी : डेटाबेसमधील ‘फुल आउटर जॉइन’

उज्जैनचे देवास गेट म्हणजे रेल्वेस्थानकाजवळचे बसस्थानक. महाकालेश्वराच्या दर्शनाला बसने येणारे अनेक भाविक येथे उतरतात. २०२५ साली ११ ऑगस्टच्या सोमवारी येथे उतरणाऱ्या गोमंतकीय कुटुंबाच्या हिशेबी तो तिसरा श्रावणी सोमवार होता. स्थानिक पंचांगानुसार मात्र श्रावण दोन दिवसांपूर्वी, राखीपौर्णिमेलाच संपला होता. दोघांचेही बरोबर. गोवा-महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, माळव्यात पौर्णिमेला. शुद्ध पक्षात नावे जुळतात. वद्य पक्षात आपला श्रावण तो त्यांचा भाद्रपद.

आता श्रावणी सोमवारांचे दोन तक्ते करू. उज्जैनच्या तक्त्यात १४, २१, २८ जुलै आणि ४ ऑगस्ट. आपल्या तक्त्यात २८ जुलै, ४, ११ आणि १८ ऑगस्ट. तारखेच्या रकान्यावर ‘इनर जॉइन’ केल्यास २८ जुलै आणि ४ ऑगस्ट अशा दोनच ओळी हाती येतात. उरलेल्या नोंदी निमूटपणे गळतात. कोणतीही चूक दाखवली जात नाही, हाच या प्रकाराचा खरा धोका. उज्जैनचा तक्ता डावीकडे ठेवून ‘लेफ्ट जॉइन’ केल्यास चार ओळी मिळतात, पण आपले शेवटचे दोन सोमवार जातात. ‘फुल आउटर जॉइन’ मात्र दोन्हीकडचे सारे राखतो. जेथे जोडीदार नाही तेथे ‘नल’, म्हणजे रिकामी जागा, ठेवून तो सहा ओळी देतो.

गंमत अशी, की त्या वर्षी महाकालाच्या सवाऱ्याही सहाच निघाल्या : १४ जुलैपासून १८ ऑगस्टपर्यंत, दर सोमवारी. सवारी श्रावणाबरोबर न थांबता भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातही चालते आणि ही प्रथा सामान्यतः मराठी परंपरेशी जोडली जाते. संगणकाच्या कितीतरी आधी उज्जैनने ही जोडणी रस्त्यावर करून ठेवली आहे. २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा उज्जैनच्या श्रावणात आठ सोमवार होते आणि आपल्या निज श्रावणात चार. त्यांतले दोन सामाईक; सवाऱ्या निघाल्या दहा.

जोडणीचा आधार कोणता घ्यावा, यावर सारे अवलंबून असते. तारखेऐवजी ‘पहिला सोमवार, दुसरा सोमवार’ या क्रमांकावर जोडल्यास २०२५ च्या चारही ओळी बिनतक्रार जुळतील आणि चारही चुकीच्या असतील, कारण त्यांचा पहिला १४ जुलैला आणि आपला २८ जुलैला. न जुळलेली नोंद निदान डोळ्यांना दिसते. चुकीची जुळलेली दिसत नाही.

प्रत्यक्ष क्वेरी लिहिताना दोन्ही तारखा एका रकान्यात आणण्यासाठी ‘कोअ‍ॅलेस’ वापरावे. ते पहिले रिकामे नसलेले मूल्य उचलते, त्यामुळे क्रमवारीही त्याच रकान्यावर लावता येते. पोस्टग्रेसमध्ये ‘फुल आउटर जॉइन’ थेट उपलब्ध आहे, एसक्यूलाइटमध्ये तो २०२२ मध्ये आला. मायएसक्यूएलमध्ये तो नाही. तेथे ‘लेफ्ट जॉइन’ आणि ‘राइट जॉइन’ यांचे निकाल ‘युनियन’ने एकत्र करतात. ‘युनियन ऑल’ वापरल्यास सामाईक सोमवार दोनदा येतात. तो वापरायचाच असेल तर दुसऱ्या भागात डावीकडची तारीख ‘नल’ असलेल्याच ओळी घ्याव्यात.

नवशिके हमखास अडखळतात ते ‘वेअर’वर. जोडणीनंतर ‘उज्जैनचा महिना श्रावण असावा’ अशी अट घातली, की ११ आणि १८ ऑगस्टच्या ओळी बाद होतात, कारण तेथे उज्जैनचा रकाना रिकामा असतो आणि ‘नल’ कशाच्याही बरोबरीचा ठरत नाही, अगदी दुसऱ्या ‘नल’च्याही. अशी अट जोडणीपूर्वी, त्या एका तक्त्यापुरती उपक्वेरीत घालावी.